चुंबकविद्युत् परिणाम

चुंबकविद्युत् परिणाम : एखाद्या घन पदार्थावर विद्युत् क्षेत्र लावले असता त्याचे चुंबकीकरण होणे किंवा त्याच्या अंगच्या चुंबकीय रचनेत बदल घडून येणे, तसेच याच्या उलट चुंबकीय क्षेत्र लावले असता त्याचे विद्युत् ध्रुवीकरण होणे, या परस्परपूरक आविष्कारांना मिळून चुंबकविद्युत् परिणाम असे म्हणतात. विद्युत् प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते (एच्. सी. अर्स्टेड, १८२०) व बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे संवाहकात विद्युत् चालक प्रेरणा उत्पन्न होते (मायकेल फॅराडे, १८३१), या सुपरिचित गोष्टींहून हा परिणाम मुळातच वेगळा आहे. तेथे विद्युत् भार वाहावा लागतो किंवा क्षेत्र बदलत राहावे लागते. येथे पदार्थ विद्युत् निरोधक असतो, त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. त्याच्या समोरासमोरील दोन पृष्ठांवर विद्युत् दाब ठेवला की आतील अणुचुंबकांची मांडणी बदलते.

या भेदाला व्यावहारिक मोल आहे. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीत माहितीचा प्रत्येक अंक एका सूक्ष्म चुंबकाच्या दिशेत साठविलेला असतो आणि ती दिशा उलटविण्यासाठी प्रवाह वापरावा लागतो. प्रवाह वाहिला की संवाहकाच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता साठविलेल्या माहितीच्या दृष्टीने निव्वळ नुकसान असते, शिवाय ती बाहेर काढण्यासाठीही ऊर्जा खर्चावी लागते. केवळ विद्युत् दाबाने चुंबक उलटविता आला, तर धारित्र भरण्यापुरतीच ऊर्जा पुरेल. गेल्या काही दशकांत या विषयावर जे संशोधन झाले, त्यामागील मुख्य प्रेरणा ही आहे.

सममितीची अट : असा परिणाम संभवतो, हे प्येअर क्यूरी यांनी १८९४ मध्ये स्फटिकांच्या सममितीच्या विचारावरून सुचविले होते. ‘चुंबकविद्युत्’ ही संज्ञा १९२६ मध्ये पीटर डेबाय यांनी रूढ केली. मात्र क्यूरी यांच्या सूचनेनंतर जवळजवळ पासष्ट वर्षे प्रयोगांत काहीच हाती लागले नाही. कारण स्फटिकाची नेहमीची सममिती पाहून भागत नाही, अणूंच्या चुंबकीय परिबलांची मांडणीही विचारात घ्यावी लागते, हे तोवर लक्षात आलेले नव्हते.

विद्युत् ध्रुवीकरण म्हणजे धन व ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकणे. अवकाशाचे व्युत्क्रमण केले, म्हणजे प्रत्येक बिंदू केंद्राच्या पलीकडे तितक्याच अंतरावर नेला, तर ध्रुवीकरणाची दिशा उलटते. काळाचा ओघ उलटा मानला, तर ती बदलत नाही. चुंबकीय परिबलाचे वागणे याच्या बरोबर विरुद्ध असते. परिबल हे इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाशी व कक्षीय गतीशी निगडित असते. भोवऱ्याची फिरक जशी व्युत्क्रमणात तीच राहते, पण काळ उलटा केला असता उलटी होते, तसेच परिबलाचे होते. त्यामुळे विद्युत् क्षेत्राच्या सम प्रमाणात चुंबकीकरण व्हावयाचे असेल, तर पदार्थाच्या रचनेत या दोन्हींपैकी एकही सममिती स्वतंत्रपणे शिल्लक असता कामा नये. पहिली अट बहुसंख्य स्फटिक पाळत नाहीत. दुसरी अट ज्यात अणूंची परिबले ठराविक शिस्तीने मांडलेली आहेत, असे पदार्थच पाळू शकतात. [⟶ चुंबकत्व].

जांभ्यातील दोन खनिजे : ही अट किती काटेकोर आहे याचे उदाहरण कोकणात पायाखालीच सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा व त्याच्या आसपासच्या सड्यांवर जांभा खडक उघडा पडलेला असून चिरेखाणींतून काढलेले त्याचे चिरे घरबांधणीसाठी वापरतात. दख्खनच्या बेसाल्टावर उष्ण व दमट हवामानाची दीर्घकाल क्रिया होऊन त्यातील सिलिका व अल्कली द्रव्ये निघून गेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. जांभ्याचा तांबडा रंग मुख्यत्वे हेमॅटाइटाचा, तर पिवळसर तपकिरी रंग गोएथाइटाचा असतो. दोन्ही खनिजे लोखंडाची आहेत आणि नेहमीच्या तापमानास दोन्ही प्रतिलोहचुंबकीय आहेत, म्हणजे त्यांतील शेजारशेजारची परिबले विरुद्ध दिशांनी असून ती एकमेकांचा परिणाम नाहीसा करतात.

हेमॅटाइट (फेरिक ऑक्साइड) व क्रोमिक ऑक्साइड यांची स्फटिकरचना एकच आहे. माणकाची जी, तीच. या रचनेच्या मुख्य अक्षावर धातूचे चार आयन एका ओळीत येतात आणि त्या चौघांच्या बरोबर मध्यावर व्युत्क्रमणाचे केंद्र असते. त्या केंद्रातून व्युत्क्रमण केल्यास पहिला आयन चौथ्याच्या व दुसरा तिसऱ्याच्या जागी जातो. हेमॅटाइटात या चार परिबलांचा क्रम सुलट, उलट, उलट, सुलट असा आहे. पहिला व चौथा सारखे, दुसरा व तिसरा सारखे. म्हणून व्युत्क्रमणाने मांडणीत फरक पडत नाही, पहिली अट मोडते आणि चुंबकविद्युत् परिणाम निषिद्ध ठरतो. क्रोमिक ऑक्साइडात क्रम सुलट, उलट, सुलट, उलट असा आहे. येथे व्युत्क्रमणाने सर्व परिबले उलटी पडतात. काळही उलटा केला, तरच मूळ मांडणी परत मिळते. दोन्ही सममिती स्वतंत्रपणे नाहीशा होतात, त्यांचे संयुक्त रूप तेवढे उरते, आणि नेमके तेच चुंबकविद्युत् परिणामास पोषक असते.

हेमॅटाइटाच्या वाट्याला दुसरा एक गुण आला आहे. सुमारे −१३° से.च्या वर त्याची विरुद्ध परिबले किंचित कलतात आणि त्यामुळे एक दुर्बल लोहचुंबकत्व शिल्लक राहते. रशियन भौतिकीविज्ञ आय्. ई. झ्यालोशिन्स्की यांनी १९५७ च्या सुमारास त्याची उपपत्ती सममितीवरून मांडली. त्याच युक्तिवादाने १९५९ मध्ये त्यांनी क्रोमिक ऑक्साइडात चुंबकविद्युत् परिणाम आढळलाच पाहिजे असे भाकीत केले.

गोएथाइटाची गोष्ट अगदी अलीकडची आहे. त्याची चुंबकीय मांडणी जुन्या न्यूट्रॉन विवर्तन प्रयोगांवरून ठाऊक होती. पण ती या परिणामास अनुकूल आहे याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. २०१७ मध्ये रशियन संशोधकांनी सममितीचा विचार व संगणकीय गणन यांच्या आधारे गोएथाइटात क्षेत्राच्या सम प्रमाणात असणारा चुंबकविद्युत् परिणाम संभवतो, असे दाखविले. म्हणजे जांभ्याच्या एकाच चिऱ्यात हा परिणाम निषिद्ध असलेले व तो संभाव्य असलेले अशी दोन्ही खनिजे शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्ष चिऱ्यावर विद्युत् दाब लावून मात्र काही दिसण्याची आशा नाही. त्यातील गोएथाइटाचे कण अतिसूक्ष्म, अशुद्ध व वाटेल त्या दिशांनी विखुरलेले असतात, आणि सच्छिद्र दगडातील ओलावा प्रवाहाला वाट करून देतो.

क्रोमिक ऑक्साइड : झ्यालोशिन्स्की यांच्या भाकितानंतर वर्षभरातच, १९६० मध्ये, सोव्हिएट रशियात डी. एन्. ॲस्ट्रॉव्ह यांनी क्रोमिक ऑक्साइडाच्या स्फटिकावर विद्युत् क्षेत्र लावून त्याचे चुंबकीकरण मोजले. १९६१ मध्ये अमेरिकेत व्ही. जे. फोलेन, जी. टी. रॅडो व ई. डब्ल्यू. स्टॉल्डर यांनी उलटा प्रयोग करून चुंबकीय क्षेत्राने होणारे विद्युत् ध्रुवीकरण मोजले. ऊष्मागतिकीनुसार दोन्ही परिणामांचा गुणांक एकच असावयास हवा व तसाच तो आढळला. म्हणूनच पुष्कळ प्रयोगशाळा सोयीचा तो प्रयोग करून दुसऱ्याविषयी अनुमान काढतात.

हा परिणाम अतिशय क्षीण आहे. गुणांकाचे कमाल मूल्य दर मीटरला सुमारे ४ पिकोसेकंद आहे. (मापनाचे हे एकक विचित्र वाटते, पण चुंबकीय प्रवर्तनास विद्युत् क्षेत्राने भागले, की मितीच्या दृष्टीने वेगाचा व्यस्तांक उरतो.) १ मिमी. जाडीच्या चकतीवर १,००० व्होल्ट दाब ठेवला, तर निर्माण होणारे चुंबकीकरण जेमतेम ४ मायक्रोटेस्ला भरते. कोकणातील भूचुंबकीय क्षेत्र याच्या सुमारे दहापट आहे. सर्व क्रोमियम आयनांची परिबले एकाच दिशेने वळली असती, तर जे चुंबकीकरण मिळाले असते, त्याच्या हा दर दहा लाखांत सुमारे तीन भाग होय.

कार्यपद्धती अशी : विद्युत् क्षेत्रामुळे धन क्रोमियम आयन भोवतालच्या ऑक्सिजन आयनांच्या सापेक्ष किंचित सरकतात. सुलट परिबलाचे आयन एका प्रकारच्या परिसरात, तर उलट परिबलाचे आयन दुसऱ्या प्रकारच्या परिसरात जातात. दोन्ही गटांची समानता मोडते व त्यांच्या परिबलांची वजाबाकी शून्य राहत नाही. अक्षाच्या दिशेतील परिणाम तापमान वाढेल तसा प्रथम वाढतो, सुमारे −१०° से.ला कमाल होतो व ३४° से.ला परिबलांची शिस्तच मोडल्यामुळे नाहीसा होतो. कोकणातील वैशाखाच्या दुपारी हा पदार्थ आपला गुण गमावण्याच्या बेतात असतो!

आणखी एक अडचण प्रयोगकर्त्यास जाणवते. स्फटिकात सुलट-उलट व उलट-सुलट अशा दोन्ही क्रमांचे प्रदेश तयार होतात आणि त्यांच्या गुणांकांची चिन्हे विरुद्ध असतात. दोन्ही समसमान असले, तर बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून स्फटिक ३४° से.च्या वर तापवून विद्युत् व चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रे एकदम लावून थंड करतात; दोन्ही क्षेत्रांच्या परस्पर दिशेवरून कोणता क्रम निवडला जाईल ते ठरते. प्रतिलोहचुंबकीय मांडणीचे बाहेरून केलेले हे पहिले नियंत्रण म्हणता येईल. क्रोमिक ऑक्साइडाची उपेक्षा पुढे बराच काळ झाली. पण २०१० मध्ये सी. बायनेक व त्यांचे सहकारी यांनी त्यावर कोबाल्ट व पॅलॅडियम यांचे अतिशय पातळ थर चढविले आणि तापमान न बदलता, एक स्थिर चुंबकीय क्षेत्र तसेच ठेवून केवळ विद्युत् क्षेत्राची दिशा उलटवून वरील थराच्या चुंबकीय वर्तनातील एकांगी कल मागेपुढे फिरविता येतो, असे दाखविले.

क्रोमिक ऑक्साइड व क्रोमाइट यांत गल्लत होऊ नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात (१९८१ पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यात) कणकवलीजवळ सापडणारे क्रोमाइट हे लोह व क्रोमियम यांचे संयुक्त ऑक्साइड असून त्याची रचना स्पिनेल प्रकारची आहे. याच कुलातील कोबाल्ट क्रोमाइटात अतिशीत अवस्थेत परिबलांच्या शंक्वाकार मळसूत्री मांडणीतून विद्युत् ध्रुवीकरण उत्पन्न होते, हे जपानमध्ये २००६ साली आढळले.

बहुलोही पदार्थ : ज्यांच्यात विद्युत् ध्रुवीकरण आपोआप असते व विद्युत् क्षेत्राने उलटविता येते, अशा पदार्थांना लोहविद्युत् पदार्थ म्हणतात. [⟶ लोहविद्युत् परिणाम]. लोहविद्युत् व चुंबकीय हे दोन्ही गुण एकाच पदार्थात असले, तर त्याला बहुलोही म्हणता येईल. या अर्थाची इंग्रजी संज्ञा हान्स श्मिट यांनी १९९४ मध्ये प्रचारात आणली. स्वतः श्मिट व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये निकेल-आयोडीन बोरॅसाइट या पदार्थात दोन्ही गुण एकत्र असून एकाची दिशा बदलली की दुसऱ्याचीही बदलते, असे दाखविले होते. मात्र हे सारे अतिशीत तापमानासच घडत होते.

असे पदार्थ इतके विरळ का, या प्रश्नाचे समर्पक उत्तर निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली दिले. बेरियम टिटॅनेटासारख्या लोहविद्युत् पदार्थात टिटॅनियमाचा आयन केंद्रापासून सरकतो, कारण त्याचे ‘डी’ कवच पूर्ण रिकामे असते व ते ऑक्सिजनाच्या इलेक्ट्रॉनांशी बंध करू शकते. चुंबकत्वाला मात्र याच कवचात इलेक्ट्रॉन असावे लागतात. एकाला जे हवे, तेच दुसऱ्याला नको असते. बिस्मथ फेराइटाने यातून पळवाट काढली आहे : त्यात चुंबकत्व लोहाच्या आयनाकडे व ध्रुवीकरण मुख्यत्वे बिस्मथाच्या बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉन जोडीकडे असते. त्याचे लोहविद्युत् गुण सुमारे ८३०° से.पर्यंत व प्रतिलोहचुंबकीय शिस्त सुमारे ३७०° से.पर्यंत टिकते. नेहमीच्या तापमानास दोन्ही गुण भक्कमपणे बाळगणारा हा सर्वांत परिचित पदार्थ होय.

बिस्मथ फेराइटाच्या पातळ पटलांविषयीचा २००३ मधील शोधनिबंध या विषयाच्या पुनरुज्जीवनास बव्हंशी कारणीभूत ठरला. आर्. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात झालेल्या या कामात, पुणे विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केलेले सतीशचंद्र ओगले आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले व बंगलोरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उमेश वाघमारे यांचा सहभाग होता. वाघमारे यांचे काम उपपत्तीच्या बाजूचे होते. निबंधात दोन ठळक दावे होते. पहिला असा, की पटलाचे ध्रुवीकरण पूर्वी मोठ्या स्फटिकांत मोजलेल्या मूल्याच्या सुमारे दहापट आहे. दुसरा असा, की पटलाचे चुंबकीकरणही बरेच वाढलेले आहे.

या दोन दाव्यांचे भवितव्य वेगवेगळे झाले, आणि ते जाणून घेण्यासारखे आहे. २००५ मध्ये केंब्रिज येथील डब्ल्यू. एरेनस्टाइन, एन्. डी. माथुर इत्यादींनी स्वतः तयार केलेल्या पटलांत तितके चुंबकीकरण आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले. वाढीव चुंबकीकरण बिस्मथ फेराइटाच्या अंगचे नाही, असेच आता सामान्यतः मानले जाते. ध्रुवीकरणाच्या बाबतीत उलट घडले. जे. बी. नीटन, सी. एडरर, वाघमारे, स्पाल्डिन व के. एम्. रेब यांनी २००५ मध्ये मूलभूत समीकरणांवरून केलेल्या गणनात मोठे मूल्य हे पटलाचे वैशिष्ट्य नसून पदार्थाचाच गुण आहे, असे निष्पन्न झाले; म्हणजे जुनी मापनेच कमी भरली होती. ते स्फटिक प्रवाह गळू देत असल्यामुळे पूर्ण क्षेत्र सोसू शकत नव्हते. २००७ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या शुद्ध स्फटिकांत खरोखरच तितके मोठे ध्रुवीकरण आढळले. एकच निबंध अर्धा उभा राहिला व अर्धा पडला. तरीही त्याने सुरू केलेले काम थांबले नाही.

बिस्मथ फेराइट स्वतः प्रतिलोहचुंबकीय असल्यामुळे त्याच्या बाहेर चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नसते. मोठ्या स्फटिकात तर परिबलांची दिशा सुमारे ६२ नॅनोमीटर अंतरात एक पूर्ण फेरा घेते आणि उरलीसुरली बेरीजही शून्य होते. २००६ मध्ये असे आढळले, की विद्युत् दाबाने ध्रुवीकरणाची दिशा ठराविक कोनांतून फिरविली असता परिबले ज्या प्रतलात असतात ते प्रतलही फिरते. या अदृश्य बदलाला दृश्य रूप देण्यासाठी वर कोबाल्ट व लोह यांच्या लोहचुंबकीय मिश्रधातूचा पातळ थर देतात. सीमेवरील विनिमय आंतरक्रियेमुळे तो खालच्या परिबलांचे अनुकरण करतो. ध्रुवीकरण एकदम १८०° तून उलटले, तर परिबलांवर परिणाम होणार नाही अशी अपेक्षा होती. परंतु २०१४ मध्ये जे. टी. हेरॉन, रमेश इत्यादींनी दाखविले, की पटलात ही उलटापालट दोन पायऱ्यांनी होते, प्रत्येक पायरीस परिबले त्याबरोबर वळतात व शेवटी वरील थराचे चुंबकीकरण नेहमीच्या तापमानास पूर्णपणे उलटते.

मळसूत्री रचना : बिस्मथ फेराइटात चुंबकत्व व ध्रुवीकरण यांची उगमस्थाने निराळी असल्यामुळे त्यांचे नाते काहीसे सैल असते. याउलट काही पदार्थांत ध्रुवीकरण हे चुंबकीय रचनेचेच अपत्य असते. टी. किमुरा, वाय्. तोकुरा व सहकारी यांनी २००३ मध्ये टर्बियम मँगॅनाइटात असे आढळून आणले, की चुंबकीय क्षेत्र लावले असता त्याचे ध्रुवीकरण ९०° तून वळते. सुमारे −२३२° से.ला (४१ के.) या पदार्थातील परिबले प्रथम लाटेप्रमाणे कमीजास्त लांबीची होऊन मांडली जातात, तेथे ध्रुवीकरण नसते. सुमारे २८ के.च्या खाली हीच परिबले मळसूत्राप्रमाणे वळत जातात व त्याच क्षणी ध्रुवीकरण उत्पन्न होते. शेजारच्या दोन परिबलांत कोन असला, की परिवलन व कक्षीय गती यांच्या युग्मनामुळे त्यांच्यातील ऑक्सिजनाभोवतीचा भार एका बाजूस ओढला जातो. मळसूत्र डावे की उजवे, यावर ध्रुवीकरणाचे चिन्ह अवलंबून असते. साहजिकच विद्युत् क्षेत्र लावून डाव्या मळसूत्राचे उजवे करता आले पाहिजे. २००७ मध्ये ध्रुवित न्यूट्रॉनांच्या साहाय्याने हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. विद्युत् क्षेत्राने चुंबकीय रचनेचे नियंत्रण याचे याहून निखळ उदाहरण दाखविणे कठीण. दुर्दैवाने त्यासाठी द्रवरूप हीलियमाची थंडी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. व्ही. संपतकुमारन व त्यांचे सहकारी यांनी परिबलांच्या साखळ्या असलेल्या कोबाल्ट व निकेल यांच्या ऑक्साइडांत विद्युत् व चुंबकीय गुणांची अशी सांगड तपासली आहे.

परिबलांच्या भोवऱ्यासारख्या गाठी (स्किर्मिऑन) काही स्फटिकांत जाळीसारख्या रचलेल्या असतात. तांबे, सिलिनियम व ऑक्सिजन यांच्या एका निरोधक संयुगात ही संपूर्ण जाळी विद्युत् क्षेत्राने काही अंशांतून फिरविता येते, असे २०१२ मध्ये न्यूट्रॉन प्रयोगांत आढळले.

संमिश्र पदार्थ व कोल्हापूर येथील काम : एकाच पदार्थात दोन्ही गुण शोधण्याऐवजी दोन पदार्थांची जोडी लावावी, ही कल्पना नेदर्लंड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेत जे. व्हान झ्यूख्तेलेन यांनी १९७२ मध्ये मांडली. दाबविद्युत् पदार्थावर विद्युत् क्षेत्र लावले, की त्याचा आकार किंचित बदलतो. त्याला घट्ट चिकटलेल्या फेराइटावर त्यामुळे ताण येतो व ताणामुळे फेराइटाच्या चुंबकीकरणाची सुलभ दिशा बदलते. दोहोंपैकी एकातही चुंबकविद्युत् परिणाम नाही; तो त्यांच्या संगतीतून, जणू गुणाकाराने, येतो. १९७४ मध्ये याच प्रयोगशाळेत बेरियम टिटॅनेट व कोबाल्ट फेराइट यांचा वितळलेला रस विशिष्ट दिशेने गोठवून असा संमिश्र तयार करण्यात आला व त्याचा परिणाम क्रोमिक ऑक्साइडाच्या कितीतरी पट भरला.

महाराष्ट्रात या शाखेचे सातत्याने काम झाले ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२). तेथील भौतिकी विभागात फेराइटांच्या अभ्यासाची परंपरा होती; तिच्या आधारे एस्. ए. पाटील, बी. के. चौगुले व त्यांचे विद्यार्थी यांनी फेराइट व बेरियम टिटॅनेट यांच्या संमिश्रांवर संशोधन केले. कॉपर फेराइट व बेरियम टिटॅनेट यांच्या संमिश्राची संवाहकता, अपारक वर्तन व चुंबकविद्युत् परिणाम यांवरील त्यांचा एक निबंध २००० साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पद्धतीस महागडी निर्वात उपकरणे लागत नाहीत. ऑक्साइडांची चूर्णे ठरलेल्या प्रमाणात खलतात, भट्टीत भाजतात, पुन्हा खलून दाबयंत्राने त्यांच्या चकत्या पाडतात व त्या उच्च तापमानास पक्क्या करतात. चकतीच्या दोन्ही पृष्ठांवर चांदीचा लेप देऊन ती बेरियम टिटॅनेटाच्या संक्रमण तापमानावर (सुमारे १२०° से.) नेतात आणि विद्युत् क्षेत्रात थंड करतात, म्हणजे आतील ध्रुवीकरण एका दिशेस लागते. नंतर चुंबकीय क्षेत्रात ठेवून पृष्ठांमध्ये निर्माण होणारा सूक्ष्म दाब मोजतात. हा प्रयोग उलट्या परिणामाचा असला, तरी दोन्ही गुणांची सांगड किती घट्ट आहे हे त्यावरून कळते.

अशा कणमिश्रित चकत्यांत मिळणारा परिणाम अपेक्षेपेक्षा नेहमीच लहान असतो. फेराइट हा बेरियम टिटॅनेटाइतका चांगला निरोधक नाही. त्याचे कण एकमेकांना लागले, की प्रवाहाची वाट तयार होते व साठलेला भार गळून जातो. फेराइट कमी केल्यास गळती थांबते, पण चुंबकीय बाजू दुबळी पडते. प्रमाण, कणांचा आकार व भाजण्याचे तापमान यांचा मेळ घालणे हेच या संशोधनाचे मर्म होय. थरांवर थर चिकटवून केलेल्या संमिश्रांत ही गळती टळते. २००१ मध्ये टर्बियम, डिस्प्रोशियम व लोह यांचा मिश्रधातू आणि लेड झिर्कोनेट टिटॅनेट यांच्या थरांपासून दर सेंमी.ला दर ओर्स्टेडला सुमारे ४.७ व्होल्ट इतका परिणाम मिळाला. ओगले यांचा सहभाग असलेल्या २००४ मधील एका कामात कोबाल्ट फेराइटाचे नॅनोमीटर जाडीचे खांब बेरियम टिटॅनेटात उभे वाढविण्यात आले होते. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये बेरियम टिटॅनेटावर लोह-ऱ्होडियम मिश्रधातूचे पटल चढवून थोड्या व्होल्टांनीच ते प्रतिलोहचुंबकीय अवस्थेतून लोहचुंबकीय अवस्थेत नेता आले. येथे नुसती दिशा बदलत नाही, मांडणीचा प्रकारच बदलतो.

रचना पाहण्याचे साधन : प्रतिलोहचुंबकीय मांडणी होकायंत्रास किंवा साध्या चुंबकत्वमापकास दिसत नाही. न्यूट्रॉनाला विद्युत् भार नसला, तरी चुंबकीय परिबल असते. म्हणून स्फटिकातून विवर्तित झालेल्या न्यूट्रॉनांच्या आकृतीवरून परिबलांच्या दिशा काढता येतात. क्रोमिक ऑक्साइडाची मांडणी बी. एन्. ब्रॉकहाउस यांनी १९५३ मध्ये याच मार्गाने ठरविली. ते कॅनडातील चॉक रिव्हर येथे काम करीत. तेथील अणुभट्टीच्याच नमुन्यावर तुर्भे येथील सायरस ही अणुभट्टी (१९६०–२०१०) उभारलेली होती. तुर्भे येथे एन्. एस्. सत्यमूर्ती व सहकारी यांनी जस्त-निकेल फेराइटांतील परिबले पूर्णपणे समांतर नसून परस्परांशी कोन करतात, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉन शलाका विद्यापीठांतील संशोधकांनाही विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संघामार्फत उपलब्ध होतात.

उपयोग व मर्यादा : अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे मोजणारी उपकरणे हा संमिश्रांचा सर्वांत जवळचा उपयोग आहे, त्यांना अतिशीत तापमान लागत नाही. संगणकाच्या स्मृतीसाठी व तर्कमंडलांसाठी बिस्मथ फेराइटावर आधारलेल्या रचना सुचविण्यात आल्या आहेत. २०१९ मध्ये इंटेल या कंपनीतील एस्. मणिपत्रुनी व सहकारी यांनी अशा एका तर्कमंडलाचा तपशीलवार आराखडा प्रसिद्ध केला. व्यवहारातील अडचणी मात्र लहान नाहीत. पटल पातळ करावे तसा आवश्यक दाब कमी होतो, पण गळती वाढते. ध्रुवीकरण वारंवार उलटविल्याने पटल थकते व त्याचा वरील चुंबकीय थरावरील ताबा सैल होतो. स्मृतीसाठी तर ही उलटापालट असंख्य वेळा, दर वेळी बिनचूक व्हावी लागते. बिस्मथ हा भाजताना सहज उडून जाणारा पदार्थ असल्यामुळे घटकांचे प्रमाण राखणे अवघड जाते, आणि थोडा बिस्मथ कमी पडला, तरी लोखंडाची चुंबकीय ऑक्साइडे मागे राहून मापनात खोटे चुंबकत्व दाखवितात. या क्षेत्रातील कोणत्याही नव्या दाव्याची पहिली परीक्षा म्हणूनच नमुन्याच्या शुद्धतेची असते.